मधल्या खुर्चीचा आवाज

आमच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं सहज बसतील एवढी जागा होती, पण ऐकायला जागा एकच होती. हे आम्हाला कळेपर्यंत इसाकभाई पिंजारींचं डोकं फिरायची वेळ आली, आमचे आबा झोपाळ्यावरून पडता पडता वाचले आणि माझ्या दोन भाकरी जळून कोळसा झाल्या. तेव्हा ही हकीकत इसाकभाईंची असली तरी भाकरी माझ्या होत्या, म्हणून सांगायचा हक्क माझा.

इसाकभाई म्हणजे शनिपेठेतले माईकवाले. त्यांचे वडील गाद्यांचा कापूस पिंजायचे. इसाकभाईंनी पिंजण सोडली आणि भोंगे धरले. जळगावच्या आसपास लग्न असो, भाषण असो, कीर्तन असो की उरूस, लिंबाच्या झाडावर चढून भोंगा बांधणारा माणूस हाच. उंच, हडकुळे, खांद्यावर वायरचं भेंडोळं, तोंडात पान आणि खिशात चुन्याची डबी.

माझं लग्न शिरपूरकडच्या आमच्या गावी झालं, तेव्हा वऱ्हाडाबरोबर जळगावाहून तेच आले होते. नवरीनं खाली मान घालून बसायचं असतं, पण मी लहानपणापासून आगाऊ. मला सगळं दिसत होतं. भोंगे बांधून झाले, 'हॅलो हॅलो' झालं, आणि हा माणूस मांडव सोडून सरळ मागच्या बाजूला निघाला. तिथे बाया वरण-बट्टीच्या तयारीत होत्या, गोवऱ्यांचा धूर नुसता डोळ्यांत जात होता. सगळ्यात लांब, चुलाण्यापाशी, माझी आई होती. मुलीचं लग्न लागतंय आणि ही बट्ट्या उलटतेय, कारण आचाऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. इसाकभाईंनी तिला विचारलं, "माय, ऐकू येतं का?" आई म्हणाली, नाही. ते परत आले, बटण फिरवलं, पुन्हा गेले. ती 'हो' म्हणाली तेव्हा त्यांनी डबी काढली आणि मशीनच्या बटणावर, आवाज जिथे थांबवला होता तिथे, चुन्याचा ठिपका दिला.

हा त्यांचा नेम होता. आवाज ठरवायचा तो शेवटच्या बाईला विचारून. त्यामागचं कारण त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. त्यांची आई लग्नाघरी भांडी घासायला जायची. मागे बसलेल्या बायांच्या हातात कुणीतरी अक्षता देऊन जायचं, पण 'सावधान' त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही. वाजंत्री वाजली की कळायचं, लग्न लागून गेलं. मग बाकीच्या बाया हातातल्या अक्षता तिथेच भांड्यांच्या पाण्यात सोडून द्यायच्या, त्यांची आई मात्र नाही. "मेरी माँ घर आती थी और मुठ्ठी में चावल वैसाच," असं ते म्हणायचे आणि मूठ उघडून दाखवायचे.

एकदा ठिपका पडला की मग कुणाच्या बापाला बटणाला हात लावू देत नसत. एकदा एका नवरदेवाचा मामा आवाज वाढव म्हणून अंगावर आला. इसाकभाई शांतपणे म्हणाले, "मामा, नवरदेवाला आज काहीच ऐकू येत नसतं. वाढवून काय फायदा?" मांडव हसला, मामा गप्प बसला.

माझ्या आईनं माझ्या लग्नातल्या अक्षता चुलाण्यापाशी उभं राहून टाकल्या. बरोबर वेळेवर टाकल्या. हे मी विसरलेले नाही.

पण दिवस काही कुणासाठी थांबत नाहीत. नव्वदनंतर लग्नांमध्ये गाडीवर रचलेली मोठमोठी खोकी आली. छातीत धडधडणाऱ्या त्या आवाजापुढे भोंगा म्हणजे घसा बसलेला म्हातारा. सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत इसाकभाईंना कुणी बोलावेनासं झालं. त्यांच्या ओसरीत भोंगे पालथे पडलेले असत, आणि त्यातल्या एका उताण्या भोंग्यात हसीनाबींची कोंबडी अंडी घालायची. हसीनाबी, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणायच्या, "चला, कुछ तो निकला इसमें से." इसाकभाई हसायचे, पण मनापासून नाही.

माझे यजमान भाईदास यांचं जळगावात टीव्ही-टेपरेकॉर्डरचं दुकान. त्या साली दिवाळीला मोठं शोरूम काढायचं त्यांनी ठरवलं. तिथे होम थिएटर विकायचे, आणि घरोघरी जाऊन ते बसवून द्यायला एक फिटर ठेवायचा. मीच म्हटलं, इसाकभाईंना घ्या. सगळा जन्म आवाजात काढलाय त्यांनी. यजमान म्हणाले, "बघू. आधी आपल्या घरचं बसवू दे. रविवारी कंपनीचा माणूस येणार आहे, गावातली चार बडी मंडळी येणार आहेत. त्यांच्यासमोर आवाज बरोबर निघाला तर इसाकभाई फिटर. नाही निघाला तर नाशिकचा एक पोरगा आहे माझ्या पाहण्यात."

हे त्यांनी इसाकभाईंनाही तोंडावर सांगितलं. इसाकभाईंनी मान डोलावली. पण त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला.

मुंबईहून खोकी आली. एक मशीन आणि पाच स्पीकर. दोन टीव्हीच्या डाव्या-उजव्या अंगाला, एक मध्ये, आणि उरलेले दोन मागच्या भिंतीवर. मागची भिंत म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची. दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना, वर छताजवळ, ते दोघं द्वारपालासारखे बसले, तोंड हॉलकडे करून. त्यांच्याखाली उंबऱ्यावर माझी जागा. वर्षानुवर्षं मी टीव्ही तिथूनच बघत आलेय, हातात परात किंवा पोळपाट घेऊन.

पहिल्या दिवशी सिनेमा लावला. पुढचे तिघं बोलायला लागले. मागचे दोघं गप्प. यजमान म्हणाले, वायर ढिली असेल. इसाकभाईंनी वायर काढली, घासली, पुन्हा लावली. गप्प. मागच्या आवाजाचं वेगळं बटण होतं, ते जरा फिरवलं. गप्पच. आणखी फिरवलं. झोपाळ्यावर आमचे सासरे सुपडूआबा डुलत बसले होते, झोपाळा मागच्या भिंतीला लागूनच. सिनेमात अचानक सभा भरली, लोक उठून ओरडायला लागले, आणि इतका वेळ मुके असलेले ते दोघं आबांच्या डोक्यावर एकदम फुटले. आबा झोपाळ्यावरून अर्धे खाली आले. "कोन शे रे मांगे? बठ्ठं गाव घरमा घुसनं का?" सगळं गावच घरात घुसलं म्हणून ओरडत त्यांनी काठी उगारली. इसाकभाईंनी धावत जाऊन आवाज कमी केला. मग पुन्हा सगळं मुकं.

चालू आहेत की बंद आहेत, कुणालाच कळेना. मी स्टुलावर चढून एकाला कान लावला, आत सुं-सुं होत होतं. म्हणजे जीव होता.

मशीनमध्ये आवाज जुळवायची एक सोय होती. बटण दाबलं की पाची स्पीकरमधून आळीपाळीनं 'शूऽऽ' असा आवाज निघायचा. फोडणीत पाणी पडावं तसा. पुढे डावीकडे, मग मध्ये, मग उजवीकडे, मग मागून. तो आवाज सगळीकडून सारखा आला की काम झालं. ऐकायला किती सोपं! इसाकभाई सोफ्यावर बसले की सारखा यायचा. झोपाळ्यापाशी गेले की मागचा मोठा. टीव्हीपाशी गेले की मागचा नाहीच. त्यात आबा झोपाळा थांबवायला तयार नाहीत, त्यांचं म्हणणं, आवाज जवळ येतोय आणि लांब जातोय, नीट धरून ठेवा. इसाकभाई हॉलभर फिरत होते. चार पावलं चालायचे, थांबायचे, मान वाकडी करून ऐकायचे. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

शेवटी ते सवयीनं उंबऱ्यापाशी आले. "भाभी, ऐकू येतं का?"

मी म्हटलं, "टाळ्या ऐकू येतात. पण टाळ्या कशाच्या, ते नाही कळत."

खरंच तसं होतं. मागच्या दोघांच्या वाट्याला मशीन बोलणं देतच नव्हतं. पाऊस द्यायचं, गर्दी द्यायचं, टाळ्या द्यायचं. बोलणं सगळं पुढच्यांकडे. इसाकभाईंना हे काही केल्या पटेना. त्यांच्या हिशेबी एका माईकचे दहा भोंगे असले तरी दहाही तेच बोलणार. "ये क्या बात हुई? पुढचे जेवले आणि मागच्यांना नुसता वास?"

यजमानांनी इंग्रजी पुस्तिका आणून दाखवली. तिच्यात खोलीचं चित्र होतं, वरून पाहिल्यासारखं. पाच चौकोन, आणि बरोबर मध्ये एक खुर्ची. खुर्चीत एक डोकं. पाची चौकोनांमधून रेघा निघून त्या एका डोक्याकडे गेलेल्या.

इसाकभाईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "शेठ, यात एकच माणूस का आहे?"

"तिथे बसून आवाज जुळवायचा, म्हणून."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

आबांनीही मान पुढे काढून चित्र पाहिलं. "हाऊ एकलाच बठेल शे. याना घरना कोठे गयात?"

यजमान चिडले. म्हणाले, घरचे गेले खड्ड्यात, तुम्ही खुर्चीपुरतं बघा. आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून हॉलच्या मधोमध ठेवली. ती अर्थातच त्यांची झाली.

दुसऱ्या दिवशी यजमान दुकानात गेले आणि इसाकभाईंनी आपल्या अकलेनं एक काम केलं. पुढच्या स्पीकरच्या वायरीला जोड देऊन ती भिंतीकडेनं मागे आणली आणि मागच्या दोघांना लावली. पुढचे जे बोलतील तेच आता मागचे बोलणार. मग सिनेमा लावला. माझ्या डोक्यावरून, अगदी कानाशी बोलल्यासारखं, नायिकेचं बोलणं आलं. ती सासूशी भांडत होती. प्रत्येक शब्द स्पष्ट! घरात टीव्ही येऊन बारा-चौदा वर्षं झाली असतील, पण तव्यावर भाकर टाकून मी कधी अख्खं भांडण ऐकलं नव्हतं. नेहमी कुकरची शिट्टी तरी मध्ये यायची, नाहीतर फोडणी तरी. मी ऐकतच राहिले. सासूनं शेवटचं काय उत्तर दिलं ते ऐकायचं म्हणून तशीच उभी राहिले, आणि धुरानं भानावर आले. एक भाकर गेली होती. ती फेकून दुसरी टाकली, तीही गेली.

"भाभी, ऐकू येतं का?" इसाकभाई दारात उभे.

"येतं!" मी म्हटलं. "सगळं येतं!"

त्यांनी लगेच डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि बटणावर ठिपका ठेवला. त्या दिवशी हा माणूस किती दिवसांनी मनापासून हसला असेल. हसीनाबींसाठी मी डब्यात शेवभाजी दिली.

संध्याकाळी यजमान आले, खुर्चीत बसले आणि दोन मिनिटांत उठले. "हे काय? हा लग्नाचा मांडव केला तुम्ही! माणूस समोर दिसतोय आणि बोलतोय माझ्या पाठीमागून!" मी मध्ये बोलायला गेले, मला म्हणाले, तू गप्प बस. जोडलेली वायर त्यांनी स्वतः उपटली. "इसाकभाई, रविवारी कंपनीचा माणूस याच खुर्चीत बसणार. पुस्तिकेप्रमाणे करा, नाहीतर स्पष्ट सांगा, मी नाशिकला फोन करतो."

इसाकभाईंनी बटणावरचा चुना रुमालानं पुसला. मला यजमानांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर इसाकभाईंचाही आला. मामाला गप्प बसवणारा माणूस हाच का, असं वाटलं. पण मामाच्या वेळी त्यांच्याकडे दहा लग्नांच्या सुपाऱ्या होत्या. आता ओसरीत कोंबडी होती.

पुढचे दिवस ते यायचे, मधल्या खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटून 'शूऽऽ' ऐकायचे. जरा उठून बटण हलवायचे, पुन्हा बसायचे. एकदा सवयीनं माझ्याकडे यायला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. हॉलच्या मध्ये उभं राहून ते खुर्चीकडे बघायचे, मग उंबऱ्याकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. चुकलेल्या पाहुण्याला दोन वाटा दिसाव्यात तसा चेहरा. मी मुद्दामच भांडी जोरात आपटत होते. मला तरी काय हवं होतं, कुणास ठाऊक. त्यांना काम मिळावं हेही हवं होतं आणि मला ऐकू यावं हेही. दोन्ही एकदम होणार नाही, एवढं मात्र कळत होतं.

रविवारी दुपारी मंडळी जमली. डॉक्टर आले, एक सराफ आले, केळीचे एक व्यापारी फैजपूरहून आले. कंपनीच्या माणसाला मधल्या खुर्चीत बसवलं. बाकीचे सोफ्यावर. त्यांच्या बायका रीतीप्रमाणे माझ्याकडे आत आल्या. आम्ही कचोऱ्या तळत होतो आणि डोक्यावरच्या स्पीकरमधून कधी पाऊस पडत होता, कधी लोक टाळ्या पिटत होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणाचा सत्कार चाललाय हो?" मी म्हटलं, काय माहीत, आम्हाला टाळ्याच तेवढ्या मिळतात.

बाहेर मात्र मंडळी खूश होती. कंपनीचा माणूस मोठ्यांदा म्हणाला, "वा! एकदम थिएटरमध्ये बसल्यासारखं वाटतंय. कुणी जुळवलंय हे?" यजमानांनी इसाकभाईंना पुढे ओढलं. "आमचे फिटर. सोमवारपासून दुकानात." सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. इसाकभाईंनी हात कपाळाला लावून सलाम केला.

मी दारातून बघत होते. मला वाटलं, आता तरी ते येतील. येऊन विचारतील. मी उत्तरही ठरवून ठेवलं होतं, पण ते कुठलं, हे आता आठवत नाही. हो म्हणणार होते की नाही म्हणणार होते? इसाकभाई मशीनपाशी गेले, डबी काढली, ठिपका दिला आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

संध्याकाळी मंडळी उठली. यजमान कंपनीच्या माणसाला स्टेशनवर सोडायला गेले. आबा झोपाळ्यावर घोरत होते. मी कपबश्या गोळा करत होते आणि इसाकभाई उरलेल्या वायरी गुंडाळत होते.

खाली बघतच ते म्हणाले, "भाभी, आज मी विचारायला आलो नाही."

"दिसलं मला."

"उत्तर माहीत होतं."

मी हातातल्या कपबश्या टेबलावर ठेवल्या. मग त्यांनी उठून मधली खुर्ची रुमालानं झटकली आणि म्हणाले, "बसा जरा."

"मी? कशाला?"

"बसा हो भाभी. एकदा ऐका तरी."

त्या खुर्चीत बसताना मला उगीचच चोरी केल्यासारखं वाटलं. पदराला हात पुसले आणि बसले. इसाकभाईंनी तोच सभेचा भाग लावला. समोर एक म्हातारा उभा राहून बोलायला लागला. आपल्या गावासाठी विहीर खणलेल्या माणसाचं तो कौतुक करत होता. प्रत्येक शब्द समोरून, मधून, थेट माझ्याकडे. त्याचं बोलणं संपलं आणि माझ्या पाठीमागून टाळ्यांचा कडकडाट झाला. हां, ह्यासाठी होत्या होय टाळ्या! अंगावर काटा आला माझ्या. इतका खरा आवाज, की मागे माणसं बसलीत असं वाटून मी वळून पाहिलं.

मागे माझं स्वयंपाकघर होतं. त्या टाळ्या माझ्या जागेवरून येत होत्या. आणि तिथे उंबऱ्यावर, दोन्ही स्पीकरांच्या खाली, इसाकभाई जाऊन उभे राहिले होते. मान वाकडी करून ऐकत होते. त्यांना तिथे कधी, कशाला जावंसं वाटलं, देव जाणे.

समोर म्हातारा पुन्हा बोलायला लागला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "इसाकभाई, ऐकू येतं का?"

त्यांनी आधी एका स्पीकरखाली सरकून ऐकलं, मग दुसऱ्याखाली. खोटं बोलणं त्यांना सहज जमलं असतं, आता नोकरीही पक्की झाली होती.

"टाळ्या येतात, भाभी," ते म्हणाले. "कशाच्या, ते नाही कळत."

त्यांचा उजवा हात अक्षता धरल्यासारखा मिटलेला होता. मी उठले आणि मशीन बंद केलं.